उधारीच्या वहीतला 'पीक' हा रकाना

प्रश्न थोडक्यात असा: मी मूळचा बार्शीचा, वय १९. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचे दोन विषय बॅक आहेत. अभ्यासात मन लागत नाही. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खोलीतले दोघे एमपीएससी करतात आणि म्हणतात, सोड ते, आमच्यात ये. वडिलांचं शेतीच्या पाण्याच्या मोटारी-पाइपचं दुकान आहे. सगळे सांगतात आवड शोध, पण मला आवडच सापडत नाही. पैसे भरून कल चाचणी दिली, तिच्यातूनही काही कळलं नाही. करिअर निवडायचं तरी कसं?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काय विचारलंयस ते बघायला, दुसऱ्यांदा कशावर किती ओळी खर्च केल्यास ते मोजायला. ही माझी जुनी खोड आहे. इंजिनिअरिंगवर चार ओळी. एमपीएससीवर तीन, त्यातली एक रूममेटची. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या दुकानाची उधारी एक्सेलमध्ये कशी घातली यावर सतरा ओळी, त्याही 'हे उगाच सांगतोय' अशी माफी मागून. त्या सतरा ओळींकडे येतो, पण आधी बाकीचा पसारा आवरू.

मी हे करिअर सल्लागाराचं काम चोवीस वर्षं करतोय. त्याआधी अकरा वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या, माणसं घेणाऱ्या बाजूला. आणि त्याच्याही आधी दोन वर्षं एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. बी.एस्सी.ला केमिस्ट्रीत मार्क चांगले पडले, म्हणून केमिस्ट. तिथे माझं मुख्य काम काय होतं? तळाला भोक असलेल्या एका कपात रंग ओतायचा, घड्याळ लावायचं आणि तो किती सेकंदांत गळतो ते वहीत लिहायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. रंगाचा दाटपणा असाच मोजतात आणि ते आवश्यक काम आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. माझ्या शेजारचा माणूस ते आयुष्यभर मन लावून करत होता, आणि गळणाऱ्या धारेकडे नुसतं बघून त्याला कळायचं की आज थिनर बदललाय. मी मात्र जेवणाच्या सुट्टीची वाट बघायचो, कारण तेव्हा कामगार आपले पीएफचे फॉर्म माझ्याकडून भरून घ्यायचे. कुणाची आई आजारी, कुणाचं नाव कागदावर चुकलेलं. ते फॉर्म भरायला मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नव्हते. आपण चुकीच्या खोलीत बसलोय हे कळायला मला दोन वर्षं लागली. मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एमपीएम, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी, केलं.

हे सांगायचं कारण, तू 'आवड' या शब्दापाशी अडकलायस. तो शब्द काही दिवस बाजूला ठेव. एकोणीस वर्षांच्या मुलाला 'तुझी आवड काय' विचारणं म्हणजे ज्याने चारच पदार्थ खाल्लेत त्याला 'जगातला तुझा आवडता पदार्थ कोणता' विचारण्यासारखं आहे. तुझ्या बारा वर्षांच्या शिक्षणात तू विषय बघितलेस, कामं बघितली नाहीस. विषय वेगळा आणि काम वेगळं. केमिस्ट्री मला आजही आवडते. आवडीऐवजी पुरावा शोध. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी न सांगता, मार्कांचा किंवा पैशांचा संबंध नसताना, मी वेळ विसरून काय केलं? आणि दुसरा अर्धा प्रश्न, जो फारसा कुणी विचारत नाही: ते करताना दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं का? मोबाइलवर गेम खेळतानाही वेळ विसरतोच, तो पुरावा धरू नकोस.

पुण्यात या विषयावर बोलताना कुणी ना कुणी डॉ. श्रीराम लागूंचं नाव काढतोच. बघा, कान-नाक-घशाचे सर्जन होते, सगळं सोडून नाटकात आले! खरंय, बी. जे. मेडिकलला शिकलेल्या लागूंनी १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरकी सोडली. पण त्याआधीची वर्षं या गोष्टीतून गाळली जातात. पन्नासच्या दशकापासून ते पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीएची, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेची, नाटकं करत होते. सोडण्याच्या निर्णयामागे दीड-दोन दशकांचा पुरावा साठला होता. त्याच कॉलेजचे डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराचं काम आणि अभिनय दोन्ही करत राहिले, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते आणि चित्रपटही केले. म्हणजे सोडणं हाच एक मार्ग असतो असंही नाही. दोन चुली काही वर्षं एकदम पेटत्या ठेवता येतात. दमछाक होते, तो भाग वेगळा.

आता तुझी चाचणी. तू लिहितोस, चाळीस पानी रंगीत रिपोर्ट आला आणि त्यात इंजिनिअरिंग, व्यवस्थापन, संशोधन, अध्यापन, प्रशासन सगळंच 'योग्य' निघालं. मला हसू आलं, माफ कर. माझ्याकडे असे रिपोर्ट आठवड्याला दोन-तीन येतात.

या चाचण्यांत साधारण तीन गोष्टी मोजतात. एक अभिक्षमता, म्हणजे भाषा, आकडे, आकृत्या मनात फिरवणं, यंत्राची समज यांतली तुझी ताकद. दुसरी आवड, म्हणजे तुला कोणत्या तऱ्हेची कामं ओढतात. त्यातल्या बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९५९ मधली मांडणी असते: हाताने करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, धंदा-पुढारपण करणारे आणि नीटनेटकी नोंद ठेवणारे, असे सहा प्रकार. तिसरा स्वभाव. यात अभिक्षमतेचा भाग सगळ्यात भरवशाचा, कारण तिथे उत्तर बरोबर किंवा चूक असतं. आवडीच्या भागात गडबड होते. 'तुला कोर्टात बाजू मांडायला आवडेल का?' या प्रश्नाला मुलगा सिनेमातलं कोर्ट डोळ्यांपुढे आणून 'हो' म्हणतो. त्याने खरं कोर्ट पाहिलेलंच नसतं.

तुझा आलेख सपाट आहे, सगळीकडे साठ-सत्तर. अशा मुलांना चाचणी फार मदत करत नाही. ज्याची एखादी बाजू ठळक वर किंवा ठळक खाली असते त्याला ती उपयोगी पडते. तुझ्याबाबतीत तिने एवढंच सांगितलं की कुठलंच दार ताकदीअभावी बंद नाही. हीही माहितीच आहे, पण त्यासाठी चाळीस पानं लागत नाहीत. पुढे पुन्हा चाचणी द्यायची वेळ आली तर एकच बघ: चाचणीनंतर मानसशास्त्र शिकलेलं माणूस समोर बसून तासभर बोलतं का? सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून आहे, तिथल्या मानसशास्त्र विभागाने हे काम गंभीरपणे केलंय. आणि बोटांच्या ठशांवरून मेंदू आणि करिअर सांगणारी जी दुकानं निघालीत, त्यांना एक रुपया देऊ नकोस. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. चार वर्षांच्या पोराच्या बोटांचे ठसे घेऊन 'हा आयएएस होईल' म्हणणारा कागद मी या डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो घेऊन आलेले आई-बाप दोघंही उच्चशिक्षित होते.

एमपीएससीबद्दल मात्र मला सविस्तर बोलू दे. तू जिथे राहतोस तिथून शास्त्री रोडपर्यंत चालत गेलास तर दर दहा पावलांवर अभ्यासिकेची पाटी दिसते. पुण्यात हे एक वेगळंच गाव वसलंय. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेसमध्ये जेवायचं, पेरूगेटपाशी चहा, मग परत खुर्ची. २०२३ च्या सुरुवातीला राज्यसेवेचा नवा वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकला म्हणून मुलं इथेच रस्त्यावर बसली होती आणि आयोगाने तो २०२५ पर्यंत ढकलला. ज्या मुलाने आपलं सगळं वय एका परीक्षेवर लावलेलं असतं त्याच्यासाठी पॅटर्न बदलणं म्हणजे काय, हे त्या गर्दीत दिसत होतं.

या मुलांबद्दल मला राग नाही, माझा भाचा त्यांच्यातलाच आहे. पण तुला तीन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. पहिली, राज्यसेवा असो की यूपीएससी, पदवी लागतेच. कुठल्याही शाखेची चालते, पण लागते. म्हणजे एमपीएससीसाठी इंजिनिअरिंग सोडायचं तर दुसरी पदवी पहिल्या वर्षापासून करावी लागेल. तुझे रूममेट पदवीधर आहेत का, विचार. असतील तर ते तुला जे सांगतायत ते त्यांनी स्वतः केलेलं नाही.

दुसरी, आकडा. यूपीएससीला अर्ज लाखांनी येतात आणि नागरी सेवा परीक्षा २०२४ च्या अंतिम यादीत १००९ नावं होती. खुल्या गटाला वयोमर्यादा ३२ आणि प्रयत्न ६. राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ वर्षांपर्यंत दार उघडं, राखीव गटाला ४३. ही ३८ ऐकायला सवलत वाटते. माझ्या खुर्चीतून ती वेगळी दिसते. ३४ वर्षांचा, चार वेळा मुख्य परीक्षा दिलेला, हुशार, थकलेला माणूस समोर बसतो आणि विचारतो, 'सर, आता खासगीत कुणी घेईल का?' त्याच्याकडे कामाचा एका दिवसाचाही अनुभव नसतो. म्हणून या वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत परतीची तारीख लिहायला लावतो. महिना आणि वर्ष घालून, घरातल्या एका माणसाच्या सहीसकट. किती प्रयत्न, आणि नाही झालं तर पुढच्या महिन्यात काय. ज्यांनी असं लिहिलं त्यातले काही अधिकारी झाले, बरेच झाले नाहीत. पण न झालेले वेळेवर बाहेर पडले आणि मार्गी लागले.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुला अधिकारी व्हायचंय की अधिकाऱ्याचं काम करायचंय? दिवाळीला गावी जाशील तेव्हा एक दिवस बार्शीच्या तहसील कचेरीत जाऊन बस. काही काम काढून जा, उत्पन्नाचा दाखला काढ. तहसीलदार दिवसभर काय करतात ते बघ. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तक्रार, बांधाच्या वादाची सुनावणी, वाळूचा पकडलेला ट्रॅक्टर, अतिवृष्टीचे पंचनामे, वरून येणारे फोन, मधूनच निवडणुकीचं काम. गाडी आणि रुबाब त्यात फार थोडा वेळ येतात. हे सगळं बघून तुला वाटलं की या बांधाच्या भांडणात मला बसायला आवडेल, तर ही वाट तुझी असू शकते. नुसतं दडपण आलं, तर परत येऊन तुझ्या बॅक राहिलेल्या एम-टूचं, म्हणजे गणित-दोनचं, पुस्तक उघड.

तसंच सगळ्याच कामांचं. पुण्यात राहून कामं न बघता करिअर निवडणं म्हणजे मंडईत उभं राहून भाजीचा फोटो बघून खरेदी करणं. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. दोन तास बस, सिनेमातलं कोर्ट डोक्यातून जाईल: तारीख, तारीख, एखादा साक्षीदार, पुन्हा तारीख. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमाराला, आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र सगळ्यांसाठी खुलं असतं, नारायणगावजवळ खोडदची मोठी रेडिओ दुर्बीणही. तिथे दुर्बिणी बघून ये, पण तिथल्या पीएच.डी. करणाऱ्या पोरापोरींना गाठून विचार की गेल्या आठवड्यात काय केलंत. बहुतेक 'कोड लिहीत होतो, चालत नव्हता' असं उत्तर येईल. भोसरीत एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये ओळख काढून जा. कॉलेजच्या सीनिअरला गाठून हिंजवडीतल्या कँटीनमध्ये त्याच्यासोबत जेव.

आणि तिथे गेल्यावर 'याला स्कोप कसा आहे' हे विचारू नकोस. मराठी घरांत या एका शब्दाने जितकी मुलं भरकटवली तितकी कुठल्याच व्यसनाने भरकटवली नसतील. एकेकाळी डी.एड.ला स्कोप होता. गावोगाव कॉलेजं निघाली, आई-बापांनी जमिनी विकून डोनेशन भरली, मग शिक्षकभरती थांबली, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि डी.एड. झालेली हजारो पोरं मिळेल ते काम करू लागली. कॉम्प्युटरचंही तेच. २०२३ पासून कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्यांनी नव्या मुलांची भरती आखडती घेतली, आणि आता साधा कोड लिहून देणारी एआयची साधनंही हाताशी आहेत. स्कोप म्हणजे कालच्या बसची वेळ. त्याऐवजी असं विचार: काल सकाळपासून तुम्ही काय काय केलंत? यातलं सगळ्यात कंटाळवाणं काय? पहिल्या तीन वर्षांत हातात किती येत होतं? तुमच्या बॅचमधले जे हे सोडून गेले ते का गेले? शेवटच्या प्रश्नावर माणसं खरं बोलतात.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे सल्लागाराकडेही सावधपणे बघशील. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, कोथरूडची. चित्रं अशी काढायची की बघत राहावं. आकृत्या मनात फिरवायच्या चाचणीत वर, गणित बरं. मी दहा मिनिटांत सांगितलं, आर्किटेक्चर. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा दिली, प्रवेश मिळाला. तिसऱ्या वर्षी ती रडत माझ्यासमोर. आर्किटेक्टच्या कामात चित्र थोडं असतं. महापालिकेचे बांधकाम नियम, सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे, कंत्राटदाराशी हुज्जत, मालकाचा बदललेला विचार, हे पुष्कळ असतं. तिला एकटीने शांतपणे बसून रेघ ओढायची होती. मी तिचं कौशल्य पाहिलं, ती दिवस कसा घालवू शकते हे पाहिलंच नाही. तिने पाच वर्षं पुरी केली. आता लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पाच वर्षं वाया गेली असं ती म्हणत नाही, मी म्हणतो.

तुझ्या धाकट्या भावाबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, दहावीत आहे आणि हात सारखे कशाततरी घातलेले असतात. त्याच्यासाठी एवढंच: अकरावी सायन्स हा एकच रस्ता नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, शिवाय शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येतं. त्याचा कायदा १९६१ पासून आहे. मी अकरा वर्षं अशी मुलं निवडली. मशीन बंद पडलं की सुपरवायझर कुणाला हाक मारायचा ते मला ठाऊक आहे, आणि तो डिग्रीवाला क्वचितच असायचा. गावात 'आयटीआयला घातलं' हे जरा खालच्या आवाजात सांगतात, तेवढं सहन करायची तयारी हवी.

आता पैसे. हा भाग माझ्या धंद्यातले लोक टाळतात, कारण आई-बाप अवघडतात. तुझ्या वडिलांना सरळ विचार: 'मी कमावलं नाही तर किती वर्षं चालेल?' फोनवर नको. दुकान बंद करताना, शटर ओढायच्या आधी विचार. बहुतेक वडील पहिल्यांदा 'तू त्याची काळजी करू नकोस' म्हणतील. त्यावर थांबू नकोस. आकडा कळल्याशिवाय तू जे ठरवशील ते त्यांच्या डोक्यावर ठरवलेलं असेल. माझ्याकडे एकदा एक शेतकरी बाप आला होता. मुलाला वाटत होतं बाबा पाच वर्षं पोसतील, बापाने मनात दीड वर्ष धरलं होतं, आणि दोघं दोन वर्षं एकमेकांशी यावर एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्या टेबलावर पहिल्यांदा बोलले. मी फक्त चहा मागवला.

आता त्या सतरा ओळी.

तू लिहिलंयस की दुकानात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, हिशेबनीस आठवड्यातून दोनदा येतो, तरी उधारी वसूल होत नव्हती. तू पाच वर्षांच्या वह्या काढून एक्सेलमध्ये घातल्यास आणि मध्येच तुझ्या लक्षात आलं की एकच शेतकरी एका वर्षी वेळेवर देतो, दुसऱ्या वर्षी सहा महिने उशिरा. मग तू प्रत्येक नावासमोर 'पीक' असा रकाना घातलास. सोयाबीनवाल्याचा पैसा दिवाळीच्या आसपास मोकळा होतो, तूरवाल्याचा त्यानंतर, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. वडील सगळ्यांना एकाच वेळी, मार्चअखेरीला फोन करत होते. तू फोनची वेळ पिकाप्रमाणे बदललीस. त्या हंगामात जुनी उधारी बरीच आली, आणि वडील कुणाला काही बोलले नाहीत, पण नवीन वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने 'पीक' असा रकाना आखला.

हे वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. तू जे केलंस त्याला पुण्यातल्या कंपन्या चांगले पैसे मोजतात. गिऱ्हाइकाचा धंदा आतून समजून घ्यायचा, त्यात पैसा कुठे अडकतो ते शोधायचं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं. याला बिझनेस अॅनालिस्ट म्हणतात. कारखान्यांत ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचा व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवणाऱ्या कंपन्यांत हेच काम करणारे लोक असतात. हिंजवडीत कोड लिहिणारे पुष्कळ आहेत. सोयाबीनचा पैसा कधी मोकळा होतो हे माहीत असलेला, आणि ते टेबलात मांडता येणारा, सहज मिळत नाही. या कामाला इंजिनिअरिंगची पदवी उपयोगी पडते. पुढे आकड्यांकडेच कल वाढला तर सीएचीही वाट आहे: कॉमर्सखेरीज इतर पदवीधरांना ६० टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला बसता येतं, आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. ती परीक्षा कठीण आहे, रेंगाळते, एवढं आताच सांगून ठेवतो. आणि तिसरी शक्यता, जी तू पत्रात एकदाही लिहिली नाहीस, म्हणजे दुकान. बार्शीत परत जाणं म्हणजे हरणं, असं तुला पुण्याने शिकवलंय. ते तपासून बघ. मी तुला परत जा म्हणत नाही. फक्त यादीत नाव असू दे.

पण एक दुकान म्हणजे एकच पुरावा. वडिलांचं होतं म्हणून जमलं असेल, माया आड आली असेल. म्हणून पुढच्या सहा महिन्यांत असं कर. दिवाळीच्या सुट्टीत बार्शीतल्या दोन अनोळखी दुकानांत जा. एक खताचं, एक कापडाचं बघ, म्हणजे तिथे पीक हा रकाना चालतो की दुसराच काही लागतो ते कळेल. त्यांची उधारी मांडून दे, फुकट. खतवाल्याकडे तुझा अंदाज बरोबर ठरेल असं मला वाटतं, कापडवाल्याकडे बहुधा चुकेल. चुकल्यावर तुला चीड येते की कुतूहल वाटतं, ते लिहून ठेव. मालकाने तू परतल्यावरही ते वापरलं का, हे फेब्रुवारीत फोन करून विचार.

तोवर इंजिनिअरिंग सोडायचं नाही. दोन बॅकपैकी एम-टू आधी काढ, कारण तो राहिला की पुढचा एम-थ्री छातीवर बसतो आणि वायडीची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची, टांगती तलवार. त्या विषयासाठी रोज दीड तास, रूमवर नाही, कॉलेजच्या लायब्ररीत. रूमवर तुला जे ऐकायला मिळतं ते अभ्यासापेक्षा जास्त ओढतं. जमलं तर पुढच्या सत्रात खोलीही बदल, कर्वेनगरकडे तुझ्या कॉलेजची मुलं असतील. रूममेटशी भांडून नको. त्यांच्या मुख्य परीक्षेला शुभेच्छा देऊन निघ. आणि परतीची तारीख लिहायला सांग, तुझ्याकडून ऐकतील कदाचित.

मार्चमध्ये पुन्हा लिही. पत्रासोबत तीन गोष्टी पाठव: तहसील कचेरीतल्या दिवसाचं एक पान, वडिलांनी सांगितलेला आकडा आणि त्या दोन दुकानांची शीट. आणि हो, तुझ्या एक्सेलमध्ये द्राक्षवाल्यांना तू वेगळ्या पानावर का काढलंस, ते लिहायचं राहिलंय. व्यापारी पैसे बुडवतात म्हणून की दुसरं काही? ते मात्र मार्चपर्यंत थांबू नकोस, आधी कळव.